गॅस गीझरचा पाइप: माप कसे काढावे, जोडणी कशी करून घ्यावी

घरात गॅस गीझर बसवायचे ठरले, की चर्चा होते ती गीझरच्या कंपनीची, लिटरची आणि किमतीची. गीझरपर्यंत गॅस नेणारा पाइप मात्र कोणाच्या विचारातही नसतो. शेगडीसाठी आधीच आलेल्या पाइपाला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, जोडायची, जवळच्या वाटेने फाटा काढायचा, साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत एवढे पाहायचे आणि काम संपले असे समजायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. गळती नसणे ही पहिली अट आहे, यात शंका नाही; परंतु ती एकमेव अट नाही. पाइपाच्या शेवटच्या टोकाला गीझरला लागेल तेवढा गॅस योग्य दाबाने पोहोचतो की नाही आणि तो जळण्यासाठी लागणारी हवा तेथे आहे की नाही, हे दोन प्रश्न गळतीइतकेच जिवाशी निगडित आहेत. या लेखात त्यांचा हिशेब घरच्या घरी कसा मांडावा आणि प्रत्यक्ष जोडणी करून घेताना काय पाहावे, हे सांगत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हिशेब आपण करावा, मार्गाचा आराखडा आपण काढावा, पण पाना आपण हाती घेऊ नये. पाइपने येणारा गॅस असेल, म्हणजे मुंबई-ठाण्याकडे महानगर गॅसची किंवा पुण्याकडे महाराष्ट्र नॅचरल गॅसची जोडणी असेल, तर मीटर आणि त्याअलीकडच्या पाइपाला हात लावण्याचा अधिकार फक्त त्या कंपनीचा असतो आणि मीटरनंतरचा वाढीव फाटाही तिच्याच मान्यताप्राप्त कारागिराकडून करून घ्यावा लागतो. सिलिंडर असेल तर वितरकाला कळवून त्याच्या तंत्रज्ञाकडून काम करून घ्यावे. पाण्याच्या नळाचे काम उत्तम करणारा प्लंबर गॅसचे कामही तसेच करील, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. कारण पाण्याची गळती डोळ्यांना दिसते आणि जमीन ओली करते, गॅसची गळती यांपैकी काहीच करीत नाही.

गीझर किती गॅस घेतो?

घरगुती गॅस गीझरवर साधारणपणे ‘६ लिटर’ असे लिहिलेले असते. ही टाकीची क्षमता नव्हे, कारण या गीझरला टाकीच नसते. मिनिटाला ६ लिटर पाणी सुमारे २५ अंश सेल्सिअसने तापवण्याची ती क्षमता असते. हिवाळ्यात नळाचे पाणी १८ अंशांवर असेल तर ते ४३ अंशांपर्यंत जाईल, म्हणजे अंघोळीला पुरेसे कढत होईल. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून ६ लिटरांना २५ अंशांसाठी मिनिटाला सुमारे ६२८ किलोज्यूल, म्हणजेच साडेदहा किलोवॅट लागतात. गीझरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बर्नरमध्ये सव्वाबारा किलोवॅटचा गॅस जळायला हवा.

हा आकडा शेगडीशी ताडून पाहावा. शेगडीचा एक बर्नर दीड ते दोन किलोवॅटचा असतो; दोन्ही बर्नर मोठे करून पेटवले तरी एकूण चार किलोवॅटच्या आतबाहेर राहतात. म्हणजे एक लहानसा गीझर पूर्ण शेगडीच्या तिप्पट गॅस घेतो. शेगडीपुरता घातलेला पाइप गीझरला का पुरत नाही, याचे उत्तर या एका तुलनेत आहे.

आता किलोवॅटचे गॅसमध्ये रूपांतर करू. सिलिंडरमधल्या एक किलो एलपीजीतून सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते, त्यामुळे आपल्या गीझरला तासाला ०.९६ किलो एलपीजी लागेल. हा गॅस वायुरूपात हवेच्या साधारण १.८ पट जड असतो, म्हणून त्याचे आकारमान तासाला ०.४४ घनमीटर होते. पाइपच्या नैसर्गिक वायूतून दर घनमीटरला सुमारे १० किलोवॅट-तास मिळतात. तेव्हा तोच गीझर तासाला १.२३ घनमीटर नैसर्गिक वायू घेईल. शेगडीचे चार किलोवॅट मिळवले तर एकूण मागणी नैसर्गिक वायूसाठी तासाला १.६३ घनमीटर आणि एलपीजीसाठी १.२७ किलो, म्हणजे सुमारे ०.५८ घनमीटर होते. आपल्या गीझरच्या माहितीपट्टीवर गॅसचा खप वेगळा छापलेला असेल तर तोच घ्यावा. वरची आकडेमोड फक्त रीत समजावी म्हणून दिली आहे.

येथेच मीटरचाही विचार करून टाकावा. घरगुती नैसर्गिक वायूसाठी सहसा जी-१.६ या मापाचा मीटर बसवतात आणि त्याची कमाल क्षमता तासाला २.५ घनमीटर असते. एक गीझर आणि एक शेगडी त्यात आरामात बसतात. पण दोन न्हाणीघरांसाठी दोन गीझर घेतले आणि सकाळी दोन्ही एकदम चालू केले, तर नुसत्या गीझरांनीच जवळपास अडीच घनमीटर गाठले जातात आणि शेगडीला काहीच उरत नाही. अशा वेळी पाइप जाड करून उपयोग नाही. कंपनीला लेखी कळवून मीटरच बदलून घ्यावा लागतो.

पाइपाचे माप

घरात येणारा नैसर्गिक वायू २१ मिलिबार दाबाचा असतो आणि घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडणारा एलपीजी साधारण ३० मिलिबारचा. हे दाब फारच कमी आहेत. एक मिलिबार म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब, हे लक्षात घेतले तर २१ मिलिबार म्हणजे वीतभर पाण्याचा दाब होतो. एवढ्याशा दाबातून पाइपाच्या घर्षणात फार वाया जाता कामा नये, म्हणून मीटरपासून किंवा रेग्युलेटरपासून गीझरपर्यंत, सर्व उपकरणे एकदम चालू असताना, एक मिलिबारपेक्षा जास्त दाब घटू नये असा नियम मी पाळतो.

कमी दाबाच्या गॅससाठी पोल यांचे जुने सूत्र हिशेबाला सोयीचे आहे. पाइपाच्या आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये, पाचवा घात घ्यावा. त्याला मान्य दाबघटीने, म्हणजे आपल्या बाबतीत १ मिलिबारने गुणावे. त्याला गॅसची हवेच्या तुलनेतली घनता आणि पाइपाची मीटरमधली लांबी यांच्या गुणाकाराने भागावे. आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढून ०.००७१ ने गुणावे, की तासाला किती घनमीटर गॅस वाहील ते मिळते. नैसर्गिक वायूची तुलनात्मक घनता ०.६ आणि एलपीजीची १.८ धरावी. लहान व्यासाच्या पाइपांसाठी या सूत्राचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा काहीसे उदार येते, म्हणून मी त्यातला एक तृतीयांश भाग सोडून देतो आणि उरलेला दोन तृतीयांशच खरा मानतो.

लांबी मोजताना फक्त टेपने मोजलेली लांबी घेऊ नये. प्रत्येक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, प्रत्येक टी आणि प्रत्येक व्हॉल्व्ह गॅसला अर्धा मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो, म्हणून तेवढी लांबी मिळवावी. पुण्यातील एखाद्या दोन बेडरूमच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ: मीटर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आहे, गीझर ड्राय बाल्कनीत आहे, मधले अंतर ९ मीटर आहे आणि वाटेत सहा एल्बो, एक टी आणि एक बॉल व्हॉल्व्ह आहेत. या आठ वस्तूंचे चार मीटर मिळवले की हिशेबाची लांबी १३ मीटर होते. शेगडीचा फाटा वाटेत कोठेही असला तरी पूर्ण लांबीभर एकूण गॅस वाहतो असेच धरावे. त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

आता दोन पाइप ताडून पाहू. बाहेरून १२ मिलिमीटर आणि आतून १० मिलिमीटर असलेल्या तांब्याच्या नळीतून १३ मीटरवर तासाला ०.५४ घनमीटर नैसर्गिक वायू मिळतो, म्हणजे एकट्या गीझरची निम्मी गरजही भागत नाही. अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपाचा आतला व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो. त्यातून तेवढ्याच लांबीवर १.७४ घनमीटर मिळतो आणि आपली १.६३ घनमीटरची मागणी पुरी होते. व्यास १० वरून १६ झाला म्हणजे जेमतेम दीडपटीहून थोडा वाढला, पण वाहणारा गॅस सव्वातीनपट झाला, तो त्या पाचव्या घातामुळे. उलट लांबी दुप्पट केली तर गॅस निम्मा न होता सुमारे सत्तर टक्के राहतो. म्हणून पाइपाची वाट थोडी लांबली तरी चालते, व्यासात केलेली काटकसर चालत नाही. हिशेबाची लांबी २० मीटरांपर्यंत गेली, तर अर्धा इंची पाइप १.४० घनमीटरच देतो. तो एकट्या गीझरला पुरेल, पण शेगडीसह पुरणार नाही, आणि तेथे पाऊण इंची पाइपच घ्यावा, जो तेवढ्या लांबीवर जवळजवळ ३ घनमीटर देतो.

एलपीजी जड असल्यामुळे पाइपातून कमी वाहतो, पण लागतोही कमी. त्याच १३ मीटरांवर अर्धा इंची जीआय पाइप तासाला १ घनमीटर एलपीजी देतो, म्हणजे आपल्या मागणीपेक्षा बराच जास्त. १० मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी मात्र एकट्या गीझरसाठीसुद्धा पाच-सहा मीटरांपलीकडे नेऊ नये. सिलिंडरच्या जोडणीत आणखी एक भाग विसरला जातो, तो म्हणजे रबरी नळी. तिचा आतला व्यास ८ मिलिमीटर असतो, आणि दीड मीटर लांबीची नळी गीझरच्या पूर्ण प्रवाहावर एकटीच सुमारे ०.७ मिलिबार खाते. म्हणून रबरी नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, दीड मीटरपेक्षा लांब कधीच घेऊ नये आणि दोन तुकडे जोडून लांबी वाढवण्याचा विचारही करू नये.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. पाइप बारीक असला तर फार तर पाणी कोमट येईल, त्यात धोका कोणता? धोका पुढच्या पायरीवर आहे. वरच्या उदाहरणात १० मिलिमीटरच्या नळीतून गीझर आणि शेगडी दोन्ही चालवायचा प्रयत्न केला, तर वाटेतच नऊ मिलिबार घटतील आणि २१ पैकी १२ मिलिबारच गीझरपाशी पोहोचतील. ज्योत मलूल होईल, पेटताना मागे जाऊन बर्नरच्या आत फट्‌ असा आवाज होईल, कोणी शेगडी मोठी केली की गीझर विझेल. मग तक्रार होते आणि कारागीर उपाय म्हणून सिलिंडरवर हॉटेलच्या शेगडीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर चढवतो किंवा गीझरच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीची, भोके सुईने मोठी करतो. पाणी कढत येऊ लागते, घरचे खूश होतात. प्रत्यक्षात बर्नरला झेपेल त्याहून जास्त गॅस आत येऊ लागलेला असतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. पाइपाच्या मापातली चूक अशी न्हाणीघरातल्या विषारी हवेपर्यंत पोहोचते. म्हणून गीझरचा दाब कमी पडत असेल तर उपाय एकच: पाइप मोठा करणे. रेग्युलेटर आणि जेट यांना कोणी हात लावू लागला तर काम तेथेच थांबवावे. एलपीजीचा गीझर नैसर्गिक वायूवर किंवा नैसर्गिक वायूचा गीझर एलपीजीवर नुसता जोडून चालवू नये, त्याचेही कारण हेच: दोन्हींचे जेट वेगळ्या मापाचे असतात.

सिलिंडरची मर्यादा

सिलिंडरवरचा गीझर सुरुवातीला उत्तम चालतो आणि तिसऱ्या-चौथ्या अंघोळीला मंदावतो, असा अनुभव नाशिक, पुणे, सातारा या थंडीच्या पट्ट्यातल्या अनेक घरांना येतो. सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूपात असतो आणि त्याचा वायू होण्यासाठी उष्णता लागते. तासाला ०.९६ किलोच्या वेगाने गॅस घेतला, तर सिलिंडरला आजूबाजूच्या हवेतून सतत सुमारे १०० वॅट उष्णता ओढून घ्यावी लागते. १४.२ किलोचा सिलिंडर अर्धा रिकामा असला आणि हवा गार असली की त्याला ते जमत नाही. त्याच्या पोटावर दव जमते, कधी पांढरे हिमही धरते, आणि आतला दाब पडतो. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी घरातले सगळे एकामागून एक न्हातात, तेव्हा हे हमखास घडते.

अशा वेळी सिलिंडर आडवा किंवा उलटा करू नये, कारण मग रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव शिरतो आणि बर्नरपाशी आगीचा लोळ उठू शकतो. त्याच्याभोवती गरम पाणी ओतू नये, जवळ शेगडी ठेवू नये. दोन अंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, किंवा कायमची सोय हवी असेल तर वितरकाला सांगून दोन सिलिंडर एकत्र जोडून देणारी रीतसर व्यवस्था करून घ्यावी. रेग्युलेटरवर तासाला किती किलो गॅस देण्याची क्षमता आहे, ते छापलेले असते, आपली १.२७ किलोची एकूण मागणी त्याच्याशी ताडून पाहावी आणि क्षमता कमी असेल तर शेगडी व गीझर एकाच रेग्युलेटरवर ठेवू नयेत.

मार्ग आणि जोडणी

गीझर कोठे बसवायचा, हे पाइपाच्या मार्गाआधी ठरवावे, आणि तो न्हाणीघराच्या आत बसवू नये. यावर मी कोणतीही तडजोड मान्य करीत नाही. आपला गीझर सव्वाबारा किलोवॅटचा आहे, आणि एलपीजी असो की नैसर्गिक वायू, तेवढा गॅस जळायला तासाला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात हवाच साडेपाच घनमीटरांच्या आत असते. दार-खिडकी लावून पंधरा मिनिटे गीझर चालवला, तर त्यातली निम्म्याहून अधिक हवा बर्नरमधून जाऊन आलेली असते. ऑक्सिजन कमी होत जातो तशी ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये घातलेले वासाचे द्रव्य ज्योतीत जळून गेलेले असते, त्यामुळे ‘गॅसचा वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक’ हा समज येथे जीवघेणा ठरतो. थंडीच्या दिवसांत, आणि धुळवडीला रंग काढण्यासाठी लोक बराच वेळ न्हाणीघरात असतात तेव्हा, अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. अनेक गीझर सलग वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, ते याचसाठी. ते बंद झाल्यावर लगेच पुन्हा चालू करणे म्हणजे त्या सोयीचा हेतूच मोडून काढणे होय.

गीझरची योग्य जागा म्हणजे उघडी ड्राय बाल्कनी किंवा बाहेरच्या भिंतीची मोकळी बाजू. बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली असेल तर ती बाल्कनी न राहता खोलीच होते. तेथे वर आणि खाली, दोन्हीकडे कायम उघडी राहणारी जाळी ठेवावी. एलपीजी जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खालची जाळी आवश्यक. नैसर्गिक वायू हलका असल्याने छताखाली जमतो, म्हणून वरची. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असला आणि बाल्कनीचे दार उघडे असले, तर पंखा बाल्कनीतली हवा, गीझरच्या धुरासह, न्हाणीघरात ओढून घेतो. गीझर चालू असताना ते दार बंद ठेवावे.

पाइपासाठी जाड प्रतीचा, ‘सी क्लास’ म्हणून मिळणारा आणि आयएस १२३९ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला जीआय पाइप (त्याचा आतला व्यास वरच्या हिशेबातल्या १६ मिलिमीटरपेक्षा कमी असतो, म्हणून हिशेब त्याच्या खऱ्या व्यासावर करावा), किंवा गॅससाठीचा तांब्याचा पाइप घ्यावा. पाण्याचे पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप गॅसला कधीही वापरू नयेत. ते आगीत वितळतात आणि मग आगीला गॅस मिळतच राहतो. पाइप भिंतीबाहेरून, डोळ्यांना दिसेल असा न्यावा. टाइल्सच्या आड दडवलेला पाइप सुंदर दिसतो हे खरे, पण त्याला गंज चढला किंवा कोणी आरसा टांगायला त्यात खिळा ठोकला तर कळणार कसे? भिंतीतून आरपार जाताना पाइप मोठ्या व्यासाच्या नळीतून न्यावा, म्हणजे सिमेंट त्याला खात नाही. दर मीटर-सव्वा मीटरवर क्लॅम्प असावा, विजेच्या बटणांपासून आणि तारांपासून निदान एक फुटाचे अंतर असावे, आणि पिवळा रंग द्यावा, म्हणजे पुढे येणारा कोणताही कारागीर तो पाण्याचा पाइप समजणार नाही.

आटे जोडताना काही प्लंबर अजूनही सुतळी आणि सफेदा वापरतात. सुतळी वाळते, आकसते आणि वर्षभरात सांधा झिरपू लागतो. त्याऐवजी गॅससाठीची जाड टेफ्लॉन टेप किंवा गॅसला मान्य असलेली पेस्टच वापरायला सांगावी. टेप आट्याच्या दिशेने गुंडाळावी आणि पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर तिचा तुकडा आत जाऊन जेट तुंबतो. तांब्याचे सांधे चांदीयुक्त डाकाने, मोठ्या आचेवर जोडावेत. मऊ कथलाचा डाक आगीत लवकर वितळतो. गीझरच्या अलीकडे, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, बॉल व्हॉल्व्ह हवाच, आणि त्याच्यापुढे एक युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, हवी, म्हणजे दुरुस्तीला गीझर काढताना बाकीचा पाइप हलवावा लागत नाही.

चाचणी

काम झाल्यावर, गीझर आणि शेगडी जोडण्यापूर्वी, पाइपाची हवेने चाचणी करून घ्यावी. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करून त्यात पाणी भरले की दाबमापक तयार होतो. मीटर किंवा रेग्युलेटर वेगळा करून, उघडी टोके बंद करून, पाइपात एवढी हवा भरावी की दोन बाजूंच्या पाण्यात ६० सेंटिमीटरचा फरक पडेल. हा कामाच्या दाबाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दाब होतो. पाच मिनिटे तापमान स्थिरावू द्यावे आणि पुढची दहा मिनिटे पाण्याची पातळी पाहावी. ती जराही हलता कामा नये. हलली, तर सांधा सापडेपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून शोधावे. काडी ओढून गळती शोधणे हा गुन्हाच समजावा.

त्यानंतर गॅस सोडावा, पाइपातली हवा उघड्या जागी, जवळ कोणतीही ज्योत नसताना जाऊ द्यावी, आणि मग खरी परीक्षा घ्यावी: गीझर पूर्ण गरमवर, शेगडीचे दोन्ही बर्नर मोठे, आणि तोच दाबमापक गीझरच्या जोडापाशी. नैसर्गिक वायूचा दाब २० मिलिबारच्या खाली गेला तर आपला हिशेब कोठेतरी चुकला आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला आहे. ज्योत निळी, स्थिर हवी. ती पिवळी दिसत असेल किंवा गीझरच्या वरच्या पत्र्यावर काजळी धरत असेल, तर गीझर बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. तोपर्यंत बादलीत तापवलेले पाणी बरे. कार्बन मोनॉक्साइडचा धोका ओळखणारे छोटे यंत्र बाजारात मिळते; ते न्हाणीघराच्या दाराबाहेर लावून घ्यावे, असे मी आवर्जून सुचवीन.

अंघोळ करताना डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे यांपैकी काहीही जाणवले तर ते पित्त किंवा अशक्तपणा समजून बसू नये. दार उघडून मोकळ्या हवेत यावे आणि दवाखान्यात दाखवावे. वापरणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना आणि वृद्धांना, हे समजावून सांगावे. न्हाणीघराची आतली कडी बाहेरून उघडता येईल अशी ठेवावी.

एलपीजीची गळती झाल्याचा संशय आला तर विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइपच्या गॅससाठी कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो; तो मीटरशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

केशरी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, आणि तिच्यावर भेगा दिसल्या तर त्याआधीच. बसवल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून रेग्युलेटरजवळ चिकटवावी. त्याच वेळी पाइपाच्या मार्गाचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर लांबी, व्यास, एल्बोंची संख्या, एकूण मागणी आणि चाचणीच्या दिवशी गीझरपाशी मोजलेला दाब लिहून, घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावा. काही वर्षांनी दुसरा गीझर घ्यायचा विचार निघेल तेव्हा नव्या कारागिराला टी कोठे जोडता येईल आणि कोठे मुळीच जोडता येणार नाही, हे त्या एका कागदावरून सांगता येईल.